पाण्यात उभी राई

२०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्र शासनाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे इथली एक राई जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरही नाही. कोकणातल्या बऱ्यापैकी बागायतदाराकडे आंबा-काजूची याहून जास्त जमीन असते. पण त्या तुकड्यात जे आहे ते महाराष्ट्रात आणखी एखाददुसऱ्या ठिकाणीच उरले आहे: बारमाही गोड्या पाण्यात, चिखलात मुळे रोवून उभे असलेले रानजायफळांचे जंगल. गावात या जागेला कान्हळाची राई म्हणतात. वनस्पतिशास्त्रात अशा जंगलाला मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात. मिरिस्टिका ही जायफळाची प्रजाती.

हे पुस्तक गोड्या पाण्यातल्या जंगलांविषयी आहे. कोकणातल्या वाचकाला पाण्यात उभी झाडे नवीन नाहीत. खाडीकाठची तिवरे त्याने लहानपणापासून पाहिलेली असतात. खारफुटीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, तिच्या बाजूने न्यायालयाचे आदेश झाले, वन विभागात तिच्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. गोड्या पाण्यातल्या जंगलाच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही. खाडी येताजाता सगळ्यांना दिसते. ही राई डोंगराच्या दोन सोंडांमधल्या बेचक्यात, व्हाळाच्या कडेला लपलेली असते. पावसाळ्यात जळवांमुळे तिकडे कोणी फिरकत नाही, उन्हाळ्यात गुरे पाण्यावर येतात तेवढीच काय ती वर्दळ. लांबून पाहिले तर ते चारचौघांसारखे सदाहरित रान वाटते. पाय आत टाकला की मग कळते, खाली घट्ट जमीन नाही.

खारफुटीचा आणि या जंगलाचा फरक नुसत्या मिठाचा नाही. खाडीत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. पाणी चढते, उतरते, मुळे काही तास उघडी पडतात. इथे तसली उसंत नाही. पाणी येते ते मुक्कामालाच.

ते येते कुठून, हे आधी समजून घ्यायला हवे, कारण या पुस्तकातले बाकी सगळे त्यावर उभे आहे. दोडामार्गच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जेमतेम चार महिन्यांत. त्यातला मोठा भाग वाहून जातो. पण माथ्यावर जांभ्याचा सडा असेल आणि उतारावर रान शाबूत असेल, तर काही पाणी आत मुरते आणि पुढे महिनोन् महिने झिरपत राहते. जिथे दरी अरुंद, तळ सपाट आणि उतार नावापुरता, तिथे हे झिरपलेले पाणी बाहेर येते आणि रेंगाळते. व्हाळाने आणलेली रेती, गाळ आणि वरून सतत पडणारा पाला यांचा थर तिथे साचत जातो. होळी होऊन गेली, गावच्या विहिरींनी तळ गाठला, तरी इथला चिखल ओला असतो. सह्याद्रीचा पश्चिम उतार उभा, त्यामुळे पाणी थांबेल अशा सपाट जागा मुळातच थोड्या. म्हणून ही जंगले सलग पसरलेली नाहीत. व्हाळाच्या कडेने तुटक तुटक पट्ट्यांत ती सापडतात, आणि एका पट्टीपासून दुसरी कित्येक कोस लांब असू शकते.

पाण्याने भरलेल्या जमिनीत झाडाची खरी अडचण हवेची असते. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. साध्या जमिनीत मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून तो मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मिळेनासा होतो, कारण हवेच्या मानाने पाण्यात प्राणवायू सुमारे दहा हजार पट मंद पसरतो. जो थोडाफार विरघळलेला असतो तो चिखलातले जिवाणू पालापाचोळा कुजवण्यात संपवून टाकतात. तो संपल्यावर ते नायट्रेटकडे वळतात, मग मँगनीजकडे, मग लोहाकडे, आणि शेवटी मिथेन वायू सुटू लागतो. चिखलात काठी खुपसली की जे बुडबुडे वर येतात ते त्याचेच. कुंडीतल्या रोपाला जास्त पाणी झाले की ते कोमेजते, हे घरोघरी पाहायला मिळते. त्या रोपाला जे चार दिवस सोसत नाही त्यात रानजायफळ पिढ्यान् पिढ्या उभे आहे.

वैशाखात, पाणी सगळ्यात कमी असते तेव्हा, अशा राईच्या काठाशी उकिडवे बसून पाहावे. पाणी घोटाभर, कुठे तेवढेही नाही. वर सप्तरंगी तवंग दिसतो आणि मनात येते, कोणीतरी इथेही तेल सांडले. काडीने तो तवंग हलवून पाहावा. तेलाचा असता तर काडीमागे फिरून पुन्हा एक झाला असता. हा मात्र पापुद्र्यासारखा फुटतो, आणि त्याचे कोनाकोनांचे तुकडे वेगवेगळे तरंगू लागतात. हे लोहजिवाणूंचे काम. चिखलात प्राणवायू नसल्यामुळे तिथले लोह विरघळलेल्या रूपात असते. ते पाणी काठाशी हवेला भेटले की हे जिवाणू त्या लोहाचे ऑक्सिडीकरण करून त्यावर जगतात, आणि मागे गंजाचा पातळ थर राहतो. जवळच खळग्यात तांबूस नारिंगी गाळ साचलेला असतो, तोही याच उलाढालीतला. दलदलीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या बारीक मुळांभोवतीसुद्धा पुष्कळदा असे गंजाचे आवरण असते. खोडातून आणि मुळातल्या पोकळ्यांतून खाली आलेला प्राणवायू मुळाच्या टोकाशी थोडा बाहेर झिरपतो आणि भोवतालचे लोह तिथल्या तिथे थिजते. विरघळलेले लोह जास्त प्रमाणात आत गेले तर झाडाला विषच. तेव्हा हा गंज म्हणजे मुळाने आपल्याभोवती धरलेली ढालच म्हणायची, आणि ती साध्या डोळ्यांना दिसते.

वर मान केली की दुसरा प्रकार दिसतो. जिम्नाक्रॅन्थेरा कॅनारिका या झाडाची मुळे चिखलातून वर येतात, वळतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. एकेका झाडाभोवती अशा कमानी इतक्या दाट असतात की पाऊल टाकायला जागा मिळत नाही. अभ्यासक त्यांना गुडघेमुळे म्हणतात. मिरिस्टिका मॅग्निफिका या मोठ्या रानजायफळाच्या खोडातून तिरकी आधारमुळे सुटून चिखलात उतरतात. दलदलीत मुळे खोल जाऊ शकत नाहीत, म्हणून उंच झाडाला असा बाहेरून टेकू घ्यावा लागतो. या मुळांच्या सालीवर भिंगातून पाहिले तर फुगीर, भुसभुशीत ठिपके दिसतात. ती वल्करंध्रे, झाडाची हवा घेण्याची छिद्रे. पाणी चढले तरी कमानीचा माथा वर राहतो, तोवर मुळाला हवा मिळते. माथाही बुडाला आणि बरेच दिवस बुडालेला राहिला, तर झाड गुदमरते. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

इथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. गुडघा दिसला की तो श्वासासाठीच, असे समजण्याचा मोह होतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीत बाल्ड सायप्रस नावाचे सूचिपर्णी झाड आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक नदीकाठचे एक सायप्रस २,६२४ वर्षांचे असल्याचे २०१९ साली खोडातली वर्तुळे मोजून सिद्ध झाले. त्या झाडांनाही गुडघे येतात, आणि ते कशासाठी यावर शास्त्रज्ञांचा वाद दीड-दोनशे वर्षे चालू आहे. श्वास, आधार, अन्नसाठा, तिन्ही उत्तरे दिली गेली, निर्णायक ठरले नाही एकही. आपल्या रानजायफळांच्या मुळांवर तर अजून फार थोडे प्रयोग झाले आहेत. वल्करंध्रे आणि आतल्या हवेच्या पोकळ्या श्वसनाकडे बोट दाखवतात. पण या मुळांचा पूर्ण अभ्यास व्हायचा आहे, आणि तो करायला मराठी मुलामुलींनी पुढे यावे असे मला मनापासून वाटते.

या जंगलातली नावे ऐकायला परकी, पण घराणी आपल्या ओळखीची आहेत. जायफळ आपल्या स्वयंपाकघरात असते. ते मूळचे इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे. पण त्याचे रानटी भाऊबंद सह्याद्रीचेच आहेत, आणि मसाल्याच्या दुकानात मिळणारी रामपत्री ही मिरिस्टिका मलबारिका या त्यातल्याच एका झाडाची पत्री. जायफळाच्या कुलातल्या झाडाच्या सालीला खाच पडली की रक्तासारखा लाल चीक वाहतो. उत्तर कन्नडमधल्या सिद्धापूर तालुक्यातल्या कत्तलेकानच्या दलदलीतून २००० साली सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस हे झाड शास्त्राला नव्याने माहीत झाले. सेमेकार्पस म्हणजे आपल्या बिब्ब्याची प्रजाती. विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत ते तिथे जिवंत उभे होते आणि शास्त्रात कोणी त्याची नोंद घेतलेली नव्हती. त्याच जंगलात सायझिजियम ट्रावन्कोरिकम सापडले, म्हणजे जांभळाच्या प्रजातीतले झाड, जे तोवर केरळातच उरले आहे असे समजले जात होते. मोहाच्या प्रजातीतले मधुका बोर्डिलोनीही तिथे भेटले. एम. डी. सुभाषचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कन्नडच्या या रानात जे काम केले, ते गोव्यात आणि सिंधुदुर्गात शोध घेणाऱ्यांना वाट दाखवणारे ठरले. मोठ्या झाडांच्या खाली केवडा, वेत, सुपारीच्या कुलातला ठेंगणा पिनांगा आणि अळूच्या कुलातली लॅजेनॅन्ड्रा अशी दाटी असते.

रानजायफळाचे बी हा या कथेचा नाजूक भाग. फळ जाड सालीचे. पिकले की उकलते आणि आत रंगीत पत्रीत गुंडाळलेले मोठे, तेलकट बी दिसते. हे बी सुकवून डब्यात ठेवता येत नाही. धान्याचे बी वर्षानुवर्षे टिकते, हे थोड्याच दिवसांत मरते. ओलावा गेला की संपले. म्हणजे बियाणे बँकेत साठवून ठेवू आणि जंगल गेले तर पुन्हा लावू, हा मार्ग इथे बंद आहे. बी झाडाखालीच पडले तर आईच्या सावलीत, तिच्याच किडी-बुरशीच्या तोंडी जाते. ते लांब न्यायला एवढे मोठे बी गिळू शकणारा पक्षी हवा, आणि असे पक्षी थोडे आहेत. महाधनेश, मलबारी कवड्या धनेश आणि रानातली मोठी कबुतरे पत्रीसाठी बी गिळतात, पत्री पचवतात आणि बी दूर कुठेतरी टाकतात. त्यातले किती ओल्या, सावलीच्या, सपाट जागी पडणार? बहुतेक सगळी वाया जातात. एखादे योग्य व्हाळाच्या काठी पडते. धनेशाला घरट्यासाठी जुन्या, मोठ्या झाडाची ढोली लागते. डोंगरावरची जुनी झाडे गेली की धनेश जातो, आणि धनेश गेला की खालच्या दलदलीतले रानजायफळ आहे तिथेच अडकून पडते.

त्यात आणखी एक अडचण अशी की या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी. ज्या राईत शंभरएक झाडे आहेत तिथे फळ धरणारी त्यातली काहीच. परागण करतात ते बारीक भुंगेऱ्यांसारखे कीटक, आणि त्यांची झेप आखूड. एक पट्टी दुसरीपासून तुटली की परागाची देवाणघेवाणही तुटते. झाडे उभी दिसतात, हिरवी दिसतात, आणि तरीही तिथली पुढची पिढी थांबलेली असू शकते. दलदलीचे जंगल जिवंत आहे का, हे उंच झाडे मोजून कळत नाही. गुडघ्याएवढी रोपे मोजावी लागतात.

प्राण्यांविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे एकाच जीवाचा उल्लेख करतो. केरळातल्या मिरिस्टिका दलदलीतून २०१३ साली एक झाडावरचा बेडूक नव्या प्रजातीसह नोंदला गेला. त्याचे नाव मर्क्युराना मिरिस्टिकापॅलुस्ट्रिस. वर्षातला बहुतेक काळ तो झाडांवर असतो आणि पावसाच्या तोंडावर थोडे दिवस खाली उतरून पाणथळाच्या काठी अंडी घालतो. मर्क्युराना हे नाव गायक फ्रेडी मर्क्युरीवरून दिले आहे, ज्याचे शिक्षण पाचगणीला झाले. त्या बेडकाचे सारे गणित पहिल्या पावसाच्या वेळेवर आणि खालच्या ओलीवर बसवलेले. पाऊस पंधरा दिवस सरकला किंवा चिखल आधीच वाळला, तर त्याचे पूर्ण वर्ष फुकट जाते.

जगात अशी जंगले आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहेत. काँगो नदीच्या खोऱ्यातल्या दलदली जंगलाखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, म्हणजे पीटचा, सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटरचा थर असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राच्या जवळपास निम्मा हा विस्तार. त्यात सुमारे ३० अब्ज टन कार्बन साठलेला आहे. ॲमेझॉनच्या काठची जंगले वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली जातात आणि मासे झाडांमधून पोहतात. तांबाकी नावाचा मासा तिथे रबराच्या प्रजातीतल्या झाडांची पाण्यात पडलेली बी दातांनी फोडून खातो. बांगलादेशात सिलहेटजवळ रातारगुलला पावसाळ्यात नावेतून जंगल पाहतात, आणि तिथे पाण्यात उभे असलेले एक मुख्य झाड म्हणजे आपला करंज. पुढच्या प्रकरणांत या सगळ्या ठिकाणांची ओळख आहे. पण पुस्तकाचे केंद्र सह्याद्रीत आहे, आणि ते जाणूनबुजून ठेवलेले आहे. काँगोच्या जंगलावर उपग्रहांची नजर आहे. साडेसहा एकरांच्या राईवर नजर ठेवणारे फक्त गाव आहे.

भारतात या जंगलांची पहिली ठळक नोंद १९६० साली त्रावणकोरच्या रानातून कृष्णमूर्ती यांनी केली. १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी भारतीय जंगलांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले त्यात मिरिस्टिका दलदलीला स्वतंत्र स्थान मिळाले. केरळात कुळत्तुपुळा, अंचल, शेंदुरुणी या भागांत पाहणी झाली, आणि सगळे तुकडे मिळून दोन चौरस किलोमीटरही भरत नाहीत असे निघाले. ते भातखाचरांनी आणि लागवडींनी वेढलेले. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबरची निरंकाराची राय अभ्यासकांना १९९० च्या दशकात माहीत झाली. महाराष्ट्राचे नाव या यादीत २०१८ साली आले, बांबर्ड्यामुळे. त्यानंतर दोडामार्गातच भेकुर्ली गावच्या देवराईत आणखी एक जागा उजेडात आली. शोध लागला असे आपण म्हणतो तेव्हा गावकऱ्यांना ती जागा पिढ्यान् पिढ्या माहीत होती, हे विसरू नये. नवीन होते ते शास्त्राला.

बांबर्डे, भेकुर्ली आणि बांबर या तिन्ही जागा देवाच्या नावाने राखलेल्या आहेत, हा योगायोग नव्हे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवराई आणि पाणी यांचा संबंध त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. कोकणात कितीतरी देवरायांच्या पोटात झरा आहे, कुंड आहे, तळी आहे. राखणदाराला गाऱ्हाणे घालणाऱ्या माणसाला जिम्नाक्रॅन्थेरा माहीत नव्हते. पण ही झाडे तोडली तर खालच्या वाडीचे पाणी आटते हे त्याला माहीत होते, आणि त्याने ते ज्ञान भीतीच्या आणि भक्तीच्या भाषेत पुढच्या पिढीला दिले. मला या श्रद्धेविषयी आदर आहे. तिने जे राखले ते आपल्या कोणत्याही कायद्याने राखलेले नव्हते. मात्र आजच्या काळात ती एकटी पुरेल असे मला वाटत नाही. राखणदाराची आण राईच्या गडग्याच्या आत चालते. गडग्याच्या बाहेर, वरच्या डोंगरावर, ती चालत नाही.

आणि नेमके तिथेच राईचे भवितव्य ठरते. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, दलदलीच्या जंगलाची हद्द झाडांवरून आखू नये, पाण्यावरून आखावी. २.५९ हेक्टरांत झाडे आहेत. त्यांना जगवणारे पाणी त्या २.५९ हेक्टरांत पडत नाही. ते वरच्या सड्यावर आणि उतारावर पडते, कित्येक पट मोठ्या क्षेत्रात. सड्यावर चिऱ्याची खाण लागली, उतारावरचे रान काढून एका जातीची लागवड झाली, वरच्या अंगाला कूपनलिका पडल्या, रस्त्यासाठी डोंगर कापून पाण्याची धार भलतीकडे वळली, तर राईतल्या एकाही झाडाला कुऱ्हाड न लावता राई मारता येते. पाणी उतरते, चिखल वाळतो, मग साध्या जमिनीवरची झाडे आत शिरतात. कोरड्या जमिनीत ती रानजायफळापेक्षा जोमाने वाढतात, आणि शे-पन्नास वर्षांत दलदलीची ओळख पुसली जाते. उलटेही होते. खालच्या अंगाला बांध घालून पाणी तुंबवले, चांगल्या हेतूने वनतळे केले, तर गुडघ्यांचे माथे बुडतात आणि झाडे उभ्याउभ्या गुदमरतात. मघाशी लक्षात ठेवायला सांगितले होते ते हेच. या जंगलाला थोडे कमी पाणी चालत नाही आणि थोडे जास्तही चालत नाही.

पाणी हलवले की काय होते याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वाईट दाखला इंडोनेशियात आहे. मध्य कालीमंतानमध्ये १९९५ साली सुमारे १० लाख हेक्टर दलदली मुलूख भातशेतीखाली आणण्याची योजना निघाली. हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खणले गेले. कालव्यांनी पीटमधले पाणी ओढून नेले. वाळलेला पीट १९९७ च्या दुष्काळात पेटला आणि महिनोन् महिने जमिनीखालून जळत राहिला, त्याचा धूर शेजारच्या देशांत पोहोचला. भात पिकले नाही, योजना गुंडाळावी लागली. आपल्याकडे एवढा पीट नाही, एवढी आग लागणार नाही. पण कालवा काढणाऱ्यांची चूक आपल्या ओळखीची आहे. जमीन ओली आहे म्हणजे ती वाया चालली आहे, हीच ती समजूत.

कोकणात आणि कर्नाटकात या समजुतीने पूर्वीही जंगले गेली. बारमाही पाणी असलेला, सपाट, गाळाचा तुकडा म्हणजे सुपारीच्या कुळागराला किंवा भाताला याहून चांगली जागा नाही. ज्यांनी ती केली त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना पोट होते, आणि जुन्या कुळागरात निदान सावली आणि ओल टिकत होती. गेल्या काही दशकांत दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांवर जे होते आहे ते वेगळे आहे. रबराच्या आणि अननसाच्या सलग लागवडी उताराउतारांवर चढल्या आहेत. सबंध डोंगर एकदम बोडका केला जातो, मग टप्पे पाडले जातात. तिळारीच्या खोऱ्यात २०२० साली २९.५३ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र झाले, ही खरोखर चांगली गोष्ट. पण दलदलीची राई तिथे असो वा बाहेर, तिच्या वरच्या व्हाळाची मालकी बहुतेक वेळा खासगी असते. ती जमीन ज्याची आहे त्या शेतकऱ्याला रान उभे ठेवण्याचा मोबदला मिळाला पाहिजे. त्याशिवाय त्याने ते ठेवावे ही अपेक्षा न्याय्य नाही. ही माझी मागणी आहे, आणि शेवटच्या प्रकरणात ती सविस्तर मांडली आहे.

वाचकांना दोन विनंत्या. पहिली अशी की हे पुस्तक वाचून बांबर्ड्याला गाडी काढून निघू नका. दलदलीच्या तळाला माणसांचे पाय सोसत नाहीत. एका पावलाखाली दोन-चार रोपे आणि हवा घेणारी कोवळी मुळे चिरडली जातात. जायचेच तर गावाला विचारून, गावातला माणूस सोबत घेऊन, काठावरूनच पाहा.

दुसरी विनंती कोकणातल्या, गोव्यातल्या आणि घाटमाथ्यावरच्या वाचकांना. तुमच्या गावात सावलीखाली पाणी साचून राहणारी एखादी जागा असेल, वैशाखातही तिथला चिखल वाळत नसेल, झाडांची मुळे कमानीसारखी वर आलेली असतील, तर ती दलदलीची राई असू शकते. म्हाताऱ्या माणसांना तिच्याविषयी विचारा, मुळांचे आणि फळांचे फोटो काढा, जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. त्या वहीत ही जागा लिहून घ्या. आणि लिहिताना झाडांच्या यादीवर थांबू नका, वरचा सडा, उतारावरचे रान आणि खालचा व्हाळही त्याच नोंदीत लिहायला लावा.